कंपाऊंडची भिंत उंदीर मानत नाहीत: सोसायटीने आणि गल्लीने मिळून करायचा बंदोबस्त

सोसायटीच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलात की महिन्याभरात तीन तक्रारी घेऊन लोक दारात उभे राहतात: पाणी, पार्किंग आणि उंदीर. पहिल्या दोन्हींसाठी देव तुमचं भलं करो. हा लेख तिसऱ्यासाठी आहे.

मुंबईत उंदरांवरचा ठरलेला उपाय म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन. तो येतो, कोपऱ्याकोपऱ्यात विषारी केक ठेवतो, बिल देतो, कमिटी सही करते. काही दिवस शांतता. मग तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात पुन्हा खुडबुड सुरू होते आणि लोक म्हणतात, औषधात भेसळ असणार.

औषध बहुतेक वेळा बरं असतं. गडबड दुसरीकडेच असते. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा ते दहा पिल्लं, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विणीला तयार. तुम्ही निम्मे उंदीर मारलेत आणि कचऱ्याचा डबा उघडाच ठेवलात, तर उरलेल्या निम्म्यांना दुप्पट जेवण मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय रिकामी झालेली बिळं पलीकडच्या कंपाऊंडमधले उंदीर येऊन बळकावतात. त्यामुळे कामाचा क्रम असा धरायचा: आधी ओळख आणि पाहणी, मग खाणं तोडणं, मग शेजाऱ्यांना सोबत घेणं, मग भोकं बुजवणं, आणि इतकं झाल्यावर पिंजरे नि औषध. बहुतेक सोसायट्या हाच क्रम उलटा लावतात.

आधी ओळख पटवा

आपण सरसकट उंदीर म्हणतो, पण मुंबईच्या कंपाऊंडमध्ये निदान चार वेगळे प्राणी फिरतात आणि प्रत्येकाची राहायची जागा निराळी.

घरातला काळा उंदीर सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब. हा चढणारा. केबल, पाइप, माड, फॉल्स सीलिंग, माळा ही त्याची वस्ती. गटारातला तपकिरी उंदीर जाडजूड, शेपूट अंगापेक्षा आखूड. तो खणतो आणि उत्तम पोहतो. घूस मातीत लांब बिळं करते आणि बाहेर मातीचा ढीग टाकते. बागेच्या कडेला किंवा पेव्हर ब्लॉक खचलेत तिथे ताजी माती दिसली तर ती तीच. मोठ्या जातीची घूस किलोभर वजनाचीही होते, त्यामुळे वॉचमनने "मांजराएवढा होता साहेब" म्हटलं तर लगेच हसू नका. चौथा म्हणजे डब्यांच्या कपाटात शिरणारा छोटा उंदीर.

लेंड्यांवरूनही अंदाज येतो. छोट्या उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर. काळ्याची साधारण १२ मिलिमीटर आणि टोकांना निमुळती. गटारातल्याची १८ ते २० मिलिमीटर आणि टोकांना बोथट. ओलसर, चकचकीत असेल तर ताजी. दाबल्यावर भुगा झाला तर जुनी.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. लांब टोकदार तोंडाची, चिक् चिक् करत भिंतीकडेने पळणारी, वास मारणारी चिचुंद्री हा उंदीर नव्हे. ती कीटक खाणारी आहे, झुरळंही खाते. तिच्यासाठी औषध मांडणं म्हणजे फुकटच्या नोकराला हाकलण्यासारखं. वासाची तक्रार खरी आहे, पण दाराखालची फट बंद केली की ती घरात येत नाही.

पाहणी: रात्री टॉर्च, सकाळी रांगोळी

पाहणी दिवसा करून उपयोग नाही. रात्री अकराच्या सुमारास, घंटागाडी सकाळी येणार म्हणून लोकांनी आदल्या रात्रीच कचरा खाली आणून ठेवलेला असतो, तेव्हा दोघातिघांनी टॉर्च घेऊन एक फेरी मारा. वॉचमन आणि सफाई कामगार यांना सोबत घ्याच. कोणत्या चेंबरमधून उंदीर निघतो हे चेअरमनला माहीत नसतं, त्यांना असतं.

बघायच्या जागा: कचऱ्याची जागा, मीटर रूम, पंप रूम, लिफ्टचा खड्डा, जिन्याखालचं भंगार, ड्रेनेजची चेंबर, दोन इमारतींमधली हाउस गल्ली, पाइपांची डक्ट, टेरेसवरची टाकी आणि पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने न हललेली गाडी. उंदीर भिंतीला अंग घासत एकाच वाटेने जातो, म्हणून त्या वाटेवर भिंतीच्या तळाशी काळपट तेलकट पट्टा उमटतो. तो पट्टा सापडला की अर्धी पाहणी झाली.

बीळ वापरात आहे का हे कळायला वर्तमानपत्राचा बोळा करून तोंडात सैलसा खुपसा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला किंवा फाडलेला असेल तर आत कुणीतरी राहतं. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर ते बीळ सोडून द्या.

आणि रांगोळी. बाजारात मिळणारी पांढरी भुकटी रात्री भिंतीलगत हातभर लांब आणि वीतभर रुंद पातळ पसरून ठेवा. सकाळी त्यावर पुढच्या पायांचे चार बोटांचे आणि मागच्या पायांचे पाच बोटांचे ठसे असतात, मधून शेपटीची रेघ गेलेली असते, आणि उंदीर कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेला तेही कळतं. फोटो काढून ठेवा. पुढे शेजाऱ्यांच्या बैठकीत हाच फोटो कामी येतो.

मग एका कागदावर इमारतीचा साधा नकाशा काढून त्यावर खुणा करा. सुबक नसला तरी चालेल, पण कागदावर हवा. कमिटी बदलली की तोंडी माहिती सोबत निघून जाते.

खाणं तोडा

या टप्प्यात पैसे कमी लागतात आणि भांडणं जास्त होतात.

ओला कचरा रात्री खाली ठेवायचा नाही, सकाळी घंटागाडीच्या आधी आणायचा, हा एक नियम पाळला गेला तरी रात्रीचं जेवण बंद होतं. हे जमत नसेल, म्हणजे कामावर पहाटे जाणारी माणसं बरीच असतील, तर घट्ट झाकणाचे आणि तळाला भेग नसलेले डबे घ्या. प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ उंदीर कुरतडतो. दर महिन्याला डबा उलटा करून पाहायचं काम कुणाच्या तरी नावावर टाका.

नंतर पाण्याचा प्रश्न. गटारातल्या उंदराला रोज पाणी लागतं. पंपाच्या ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) ठिबकणारं पाणी, एसीच्या नळीखालचं डबकं, गाड्या धुण्याच्या नळाखालचा खड्डा. प्लंबरकडून एका दिवसात होणारी कामं आहेत ही, फक्त कुणी सांगत नाही.

खायला घालणाऱ्यांशी जरा सबुरीने बोलावं लागतं. कबुतरांना टाकलेले दाणे रात्री उंदीरच संपवतात. कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये शहरात काय वाद पेटला ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तो पुन्हा पेटवण्यात अर्थ नाही. "दाणे घालू नका" म्हटलं की भांडण होतं. "संध्याकाळी सहानंतर जमिनीवर दाणा राहता कामा नये" म्हटलं की बहुतेक ऐकतात. भटक्या कुत्र्यामांजरांना खाऊ घालणाऱ्यांशीही तेच: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, अर्ध्या तासाने भांडी उचलायची. त्यांना शत्रू करू नका. पुढे औषध ठेवायची वेळ आली की कोणतं मांजर कुठे झोपतं ही माहिती त्यांच्याकडूनच मिळणार आहे. आणि मांजर पाळली की उंदीर गेले, या भरवशावरही राहू नका. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही.

गणेशोत्सवात मंडपाच्या पाटांखाली दहा-अकरा दिवस प्रसादाचे कण आणि नारळाच्या शेंड्या साठतात, अंधार असतो, वर्दळ वरून असते. मंडप उतरवल्या दिवशीच जागा झाडून बांबूंचे खड्डे बुजवून घ्यायचे, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवा. आधी सांगितलं तर मुलं आनंदाने करतात, नंतर सांगितलं तर कुणीही सापडत नाही.

शेजाऱ्यांना बोलवा

तुमच्या इमारतीच्या चारही बाजूंना काय आहे ते मोजा. एखादी दुसरी सोसायटी, एखादी चाळ, रस्त्याच्या बाजूला दुकानं आणि वडापावची गाडी, मागे बंद पडलेला गाळा किंवा मोकळा प्लॉट. काळ्या उंदराचा किंवा गटारातल्या उंदराचा रोजचा वावर साधारण या एवढ्या परिसरात असतो. म्हणजे काम करायचं एकक एक इमारत नसून हा सगळा तुकडा आहे.

बैठक बोलवा. पत्र पाठवून नाही, जाऊन. चाळीच्या कमिटीकडे आणि दुकानदारांकडे सेक्रेटरीने स्वतः जावं. बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्याकडे उंदीर नाहीतच, तुमच्याकडचे येतात." प्रत्येक जण हेच म्हणतो. अशा वेळी सामायिक भिंतीच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या रांगोळीचे फोटो पुढे ठेवायचे. ठसे दोन्ही दिशांना गेलेले असतात. मग कुणाचे उंदीर हा विषय आपोआप मिटतो.

वरच्या मजल्यावरच्यांचा एक वेगळा सूर असतो. "आमच्या अकराव्या मजल्यावर उंदीर येत नाहीत, आम्ही पैसे का द्यायचे?" त्यांना पार्किंगमध्ये न्या. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटमध्ये शिरलेले उंदीर वायरिंग कुरतडतात आणि गॅरेजचं बिल मजला बघत नाही.

जीवदया मानणारी घरंही असतील, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायची गरज नसते. खाणं तोडणं आणि भोकं बुजवणं यात एकही जीव जात नाही. त्या दोन कामांना त्यांचा पाठिंबा सर्वांत पक्का असतो. ती दोन कामं आधी उरका, उरलेल्या प्रश्नावर सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. पण पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पुढच्या गल्लीत सोडून यायचा, ही मुंबईची जुनी खोड मात्र दयेत मोजू नका. तो उंदीर दुसऱ्याच्या दारात जातो, नाहीतर परत येतो.

बैठकीतून लेखी तीनच गोष्टी बाहेर याव्यात. तारखा, माणसं, पैसे. तारखा सगळ्यांच्या एकच, कारण या आठवड्यात तुम्ही आणि पुढच्या महिन्यात ते, असं केलं की उंदीर नुसते इकडून तिकडे फिरतात. प्रत्येक वास्तूचा एक माणूस, त्याचा नंबर सगळ्यांकडे. पैसे ज्याच्या त्याच्या ऐपतीने. चाळीला जमत नसेल तर चाळीने मनुष्यबळ द्यावं, सोसायटीने साहित्य. दोन सोसायट्यांनी चाळीच्या वाट्याचा खर्च उचलला म्हणून नाक मुरडणारे असतात. त्यांना विचारा, चाळीतलं गटार कुठे येऊन मिळतं.

पालिकेकडून काय मिळतं

महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात कीटकनाशक खात्याची माणसं असतात. पिंजरे लावणं, विषारी आमिष टाकणं, बिळांचा बंदोबस्त करणं आणि रात्रपाळीत काठी नि टॉर्च घेऊन उंदीर मारणं ही सगळी कामं हे खातं करतं. रात्री मंडईच्या आसपास किंवा रेल्वे वसाहतींच्या गल्लीत हे मूषक संहारक दिसतात. त्यांचं काम किती अवघड आहे ते एकदा पाहिलं की तक्रारीचा सूर बदलतो.

तक्रार १९१६ या क्रमांकावर किंवा थेट वॉर्ड ऑफिसात करा. एका सोसायटीच्या अर्जापेक्षा चार वास्तूंच्या सह्यांचा, सोबत नकाशा जोडलेला एकच अर्ज जास्त वजनदार ठरतो. रस्ता, पदपथ, पावसाळी गटार, सार्वजनिक कचराकुंडी हे पालिकेचं. कंपाऊंडच्या आतलं तुमचं. अर्जात ही फोड आधीच करून दिली तर "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणायला जागा उरत नाही. आलेल्या कर्मचाऱ्यांना बिळं दाखवायला तुमचा माणूस हजर ठेवा, आणि चहा पाजा.

भोकं बुजवा

छोटा उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. मोठ्या उंदराच्या पिल्लाला १२ मिलिमीटर पुरतात. खिशात पेन्सिल ठेवा: पेन्सिल आत गेली तर छोटा उंदीर जातो, अंगठा गेला तर मोठा.

नुसतं सिमेंट लिंपलं तर ओलं असतानाच उंदीर ते उकरतो. आपले जुने गवंडी त्यात फुटक्या काचा घालायचे. ती पद्धत आजही चालते, फक्त हातमोजे घाला आणि मुलांचे हात पोचतील अशा जागी वापरू नका. पाइपाभोवतीच्या गोल फटीत आधी लोखंडी जाळी किंवा स्टील वूल ठासून वरून सिमेंट करा. थर्मोकोल, फोम, कापडाचे बोळे यांचा काही उपयोग नाही. खिडक्या आणि डक्टच्या तोंडाला पाव इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी. लाकडी दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. न्हाणीच्या आणि मोरीच्या जाळ्या घट्ट बसणाऱ्या. चेंबरची फुटकी झाकणं बदला; उंदीर गटारातून इमारतीत येतो तो बहुतेक वेळा याच वाटेने.

काळ्या उंदरासाठी वर बघावं लागतं. बाहेरच्या उभ्या पाइपांवर पत्र्याचा शंकू, माडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा, टेरेसवरून लोंबणाऱ्या बंद पडलेल्या केबल कापून टाकायच्या. खिडकीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या असतील तर पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्या. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे झाड तुमच्या कंपाऊंडमध्ये असलं तरी परस्पर हात लावता येत नाही.

मातीतली बिळं मात्र एवढ्यात बुजवू नका. आत उंदीर असताना तोंड बंद केलं की तो दोन हातांवर दुसरं काढतो. ती बिळं औषधानंतर, कागदाच्या बोळ्याने तपासून.

पिंजरे, मग औषध

उंदराला नव्या वस्तूची धास्ती असते. आणल्या रात्रीच पिंजरा लावला तर तो रिकामा राहतो आणि लोक पिंजऱ्याला दोष देतात. तीन-चार रात्री दार बांधून उघडाच ठेवा, आत खाणं घाला, सवय होऊ द्या. मग चाप लावा. आमिष म्हणून भाजलेला सुका बोंबील, तेलकट भजी, तूप लावलेली चपाती. शाकाहारी इमारतीत बोंबील पिंजऱ्यात ठेवण्यावरूनही सभा झालेल्या आहेत. तिथे शेंगदाण्याची चिक्की चालते. पिंजरा त्या तेलकट पट्ट्याला लागून, भिंतीकडेला, मधोमध नाही. सापडलेल्या उंदराचं पुढे काय करायचं ते पिंजरा लावण्याआधी पेस्ट कंट्रोलवाल्याशी ठरवून ठेवा. सकाळी शाळेला निघालेल्या मुलांसमोर बादलीत बुडवण्याचा प्रकार नको.

गोंदाच्या पाट्या मी सुचवत नाही. उंदीर तासन्‌तास जिवंत चिकटून राहतो आणि पाली, चिमण्या, चिचुंद्र्याही अडकतात.

औषधात सोसायटीने वापरायचं ते ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं, मेणाच्या केकच्या रूपातलं. त्याचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी होतो, म्हणूनच उंदराला संशय येत नाही. माणसावर किंवा कुत्र्यावर परिणाम झाला तर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टलाही नाही; ती यकृत निकामी करते, आणि पावाला लावून ठेवलेला तुकडा पोर सहज उचलतं. ती पेस्ट इमारतीत कुणीच आणायची नाही, असा ठराव करा.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल तर जास्तच स्पष्ट बोलतो. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. कायद्याने हे औषध सरकारी यंत्रणांनी किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं असतं, तरी ढेकणांसाठी, तांदळासाठी, उंदरांसाठी म्हणून ते घराघरात पोचतं आणि शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावतात. राहत्या इमारतीला लागून असलेल्या बिळात कुणी या गोळ्या टाकायला आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

पेस्ट कंट्रोलवाला निवडताना दर शेवटी विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आहे का, कोणतं औषध वापरणार, त्याचं लेबल दाखवा, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल दाखवायला खळखळ करणाऱ्याला काम देऊ नका. त्याच्या माणसांच्या हातात मोजे आणि पायात बूट आहेत का तेही बघा. नसतील तर ती तुमचीही जबाबदारी आहे.

केक उघड्यावर ठेवायचे नाहीत. कुलूपबंद पेट्या मिळतात, त्या भिंतीला किंवा जमिनीला खिळून ठेवा, प्रत्येकीवर नंबर आणि "विष" असं मराठी-हिंदीत लिहा, नकाशावर खूण करा. दर दोन-तीन दिवसांनी कुठलं खाल्लं, कुठलं नाही, याची नोंद. खाणं थांबलं की उरलेले केक मोजून परत घ्या. वर्षभर औषध पडून ठेवण्याने दोन नुकसानं होतात: उंदरांना ते पचायला लागतं, आणि विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडं मरतात. मुंबईत गव्हाणी घुबड अजूनही जुन्या इमारतींच्या वळचणीला राहतं आणि उंदीर हेच त्याचं मुख्य अन्न. आरे, बोरिवली, पवईकडच्या सोसायट्यांत धामणही याच कामावर असते. साप दिसला तर मारू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

मुलाने किंवा कुत्र्याने केक चावल्याचा नुसता संशय असला तरी लगेच डॉक्टरकडे, सोबत पाकीट घेऊन. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे "अजून तर छान खेळतोय" याला अर्थ नाही. घरच्या घरी उलटी करवू नका.

वेळ: मेच्या मध्यापर्यंत

औषधाचा आठवडा मेच्या पहिल्या पंधरवड्यात धरा. जूनमध्ये बिळांत पाणी भरलं की सगळं बिऱ्हाड इमारतीत येतं. मार्चमध्ये पाहणी, एप्रिलमध्ये कचरा आणि भोकं, मेमध्ये औषध, मेअखेर बिळं बुजवणं. दुसरी फेरी गणपतीनंतर.

पावसाळ्याचा विषय लेप्टोस्पायरोसिस या आजारामुळे गंभीर आहे. उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने याची मोठी साथ पाहिली. पाण्यातून चालत आलात तर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. ते डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही ठरवतील. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं. सोसायटीचा सफाई कामगार गुडघाभर पाण्यात उतरत असेल तर गमबूट त्याला आधी द्या, मग कचऱ्याबद्दल बोला.

मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकायचा नाही. अंगावरच्या पिसवा यजमान मेला की दुसरं ऊबदार अंग शोधतात. मुंबईला हे फार महागात पडलंय: १८९६ मध्ये मांडवीच्या धान्याच्या गोदामांभोवती प्लेग सुरू झाला, सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि आधी उंदीर मरतात नि मग माणसं, हे शहराने डोळ्यांनी पाहिलं. पिसवांचा वाटा पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून पक्का झाला. तीच आजची हाफकिन संस्था. तेव्हा मोजे घालून उंदरावर जंतुनाशक शिंपडा, दुहेरी पिशवीत बांधा, हात धुवा.

डासांसाठी याच फेरीत

तुम्ही कंपाऊंड फिरतच आहात तर डासांचंही उरकून घ्या. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी स्वच्छ पाण्यात वाढतो: टेरेसची टाकी, विहीर. डेंग्यूचा एडिस बादली, टायर, मनी प्लँटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे यांत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं घासलं की पुरे. घासायचं अशासाठी की एडिसची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने तग धरतात. टाकीचं झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी. विहीर असेल तर गप्पी मासे. फॉगिंगने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, त्यामुळे धूर दिसला म्हणून समाधान मानू नका. पैदास सापडली तर पालिका नोटीस सोसायटीच्याच नावाने काढते.

शेजारची इमारत पाडायची वेळ येते तेव्हा

पुनर्विकासामुळे हल्ली हा प्रसंग प्रत्येक गल्लीत येतोय. जुनी चाळ किंवा इमारत रिकामी झाली की खाणं संपतं, मग जेसीबी लागतो, आणि पन्नास-साठ वर्षं तिथे राहिलेले उंदीर दोन-तीन रात्रींत आसपासच्या इमारतींत घुसतात. याची तयारी पाडकाम सुरू झाल्यावर करता येत नाही.

शेजारच्या सोसायटीचा विकसकाशी करार व्हायच्या आधीच त्यांच्या कमिटीशी बोलून एक कलम घालायला सांगा: इमारत रिकामी झाल्यावर आणि पाडकामाच्या आधी परवानाधारकाकडून उंदरांचा बंदोबस्त, रिकाम्या घरांतलं धान्य-भंगार-गाद्या उचलणं, जुन्या ड्रेनेजची तोंडं बुजवणं. करार होऊन गेला असेल तर विकसकाला पत्र द्या, प्रत वॉर्ड ऑफिसला. पत्रात आरोप नकोत. आसपासच्या वास्तूंची यादी, पाडकामाची तारीख कळवण्याची विनंती आणि तुमच्या माणसाचा नंबर, इतकं पुरे. तारीख कळली की त्याआधीच्या आठवड्यात आपल्या सामायिक भिंतीलगतच्या पेट्या भरा, चेंबरची झाकणं तपासा, तळमजल्यावरच्या घरांना संध्याकाळनंतर दारं लावून घ्यायला सांगा. पाडकामानंतर साधारण महिनाभर रांगोळी रोज रात्री टाकायची, आणि तुमची स्वतःची इमारत पुनर्विकासाला जाईल तेव्हा हेच कलम आपल्या करारातही घालायचं.